मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचे अंतर, प्रत्यक्ष मार्ग आणि लागणारा वेळ

वाटसरू (धागाकर्ता)

मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर जास्तीत जास्त २०,००० किलोमीटर असू शकते, हे लक्षात घेतले तर हा टप्पा त्याच्या दोन-तृतीयांश भरतो. प्रवासी जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे साध्या भागाकाराने १५ तास लागायला हवेत. प्रत्यक्ष वेळापत्रके पाहिली की मात्र हा हिशेब कुठेच जुळत नाही. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा असतो, ऋतूप्रमाणे तो बदलतो, आणि उड्डाणाचा मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तर एकाच क्रमांकाचे विमान एका आठवड्यात जपानजवळून आणि दुसऱ्या आठवड्यात भलत्याच बाजूने गेलेले दिसते.

माझे आई-वडील साताऱ्याहून माझ्या बहिणीकडे जाणार आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, आणि विमानात सलग किती तास बसावे लागेल हा त्यांच्या दृष्टीने तिकिटाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणून या विषयाची माहिती असलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सर्वांत जवळचा मार्ग नेमका कुठून जातो, विमाने तो का धरत नाहीत, आणि वाटेत एकदा थांबायचे असेल तर कोणत्या शहरामार्गे गेल्याने वळसा कमी पडतो, हे मला मुख्यतः समजून घ्यायचे आहे.

अक्षांश

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी रेघ आखायला सांगितली, तर बहुतेक विद्यार्थी ती अरबस्तान, युरोप आणि अटलांटिक महासागर यांवरून पश्चिमेकडे ओढतात. आपल्या नकाशांत अमेरिका डाव्या टोकाला छापलेली असते आणि नकाशाचा कागद जिथे संपतो तिथे जगही संपते असे नकळत धरले जाते. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो पश्चिमेकडे जातच नाही. मुंबईतून तो जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. गणिताने पाहिले तर उत्तर दिशेपासून पूर्वेकडे फक्त १४ अंश. राजस्थान आणि हरियाणा यांवरून तो लडाख आणि काराकोरमकडे जातो, पुढे सिंक्यांग, कझाकस्तानचा पूर्व भाग आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर पोहोचतो. तिथे ७६ ते ७७ उत्तर अक्षांशांपर्यंत चढून तो अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर उतरतो आणि कॅनडाच्या युकॉन प्रदेशावरून पॅसिफिकच्या किनाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोला येतो. सुमारे १३,५०० किलोमीटर हे अंतर या दोऱ्याचे आहे. गोलावरच्या अशा रेषेला बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि संगणकावरील अंतरगणक नेमके तेच मोजतात.

या रेषेची एक गंमतशीर बाब अशी, की दिल्ली तिच्या अगदी जवळ येते. मुंबई ते दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर. दोन्हींची बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम दहा किलोमीटरांनी अधिक भरते. दिल्लीमार्गे गेल्याने वळसा पडतो हा समज अंतरापुरता तरी निराधार आहे. वेळ वाढतो तो केवळ विमानतळावर थांबावे लागल्यामुळे आणि दुसऱ्यांदा उतरण्या-चढण्यामुळे.

परंतु ही दोऱ्याची रेषा कागदावरची आहे. तिच्यावरून प्रवासी विमान जसेच्या तसे जात नाही, याचे कारण पहिल्या तीन तासांतच समोर येते. लडाखच्या पुढे तिबेटचे पठार आणि त्याला लागून काराकोरम व कुनलुन या रांगा आहेत. पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरांहून जास्त आहे. विमान अकरा किलोमीटरांवरून उडत असताना याचा त्रास काय, असे वाटू शकेल. त्याविषयी उड्डाण क्षेत्रातील जाणकारांनी लिहिले तर अधिक बरे.

दिशादर्शक

मी बरीच वर्षे विमानांच्या उड्डाण-आराखड्यांचे काम केले आहे, म्हणून अक्षांश यांनी सोडलेला धागा पुढे नेतो.

विमानाच्या आतला हवेचा दाब काही कारणाने गेला, तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे साधारण तीन किलोमीटर उंचीवर उतरावे लागते, कारण तिथे माणसाला मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत साधारण १२ ते २० मिनिटेच पुरतो. तिबेटवर असताना खालची जमीनच साडेचार-पाच किलोमीटर उंच आहे, आणि तो प्रदेश वीस मिनिटांत ओलांडता येण्याइतका लहान नाही. दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी अशीच अडचण येते, कारण एका इंजिनावर विमानाला नेहमीची उंची टिकवता येत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या हे पठार टाळतात आणि त्याच्या पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून जातात. आपल्या १३,५०० किलोमीटरांत पहिली भर इथेच पडते.

दुसरी आणि फार मोठी बाब म्हणजे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास तो तीनशेच्याही पुढे जातो. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. पुराच्या पाण्यात होडी वल्हवणाऱ्याला जो अनुभव येतो, तोच इथे आहे: वल्ही तितक्याच जोराने मारली तरी प्रवाहाबरोबर काठ झपाट्याने मागे सरतो आणि प्रवाहाविरुद्ध तो सरता सरत नाही.

आता वाटसरू यांचा भागाकार पुन्हा करून पाहू. वारा मुळीच नसेल तर १३,५०० किलोमीटरांना १५ तास. सर्व मार्गभर ताशी १०० किलोमीटरांचा वारा मागून मिळाला तर साडेतेरा तास. तोच वारा समोरून आला तर १६ तास ५२ मिनिटे. एकाच अंतराला जवळजवळ साडेतीन तासांचा फरक पडला. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी: जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ यांची फिटंफाट होत नाही. वाऱ्याविना जाऊन-येऊन ३० तास लागले असते, वाऱ्यासह ते ३० तास २२ मिनिटे होतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते.

यामुळे उड्डाण-आराखडा करताना सर्वांत लहान मार्ग शोधला जात नाही, तर सर्वांत कमी वेळाचा, त्यातही सर्वांत कमी इंधनाचा मार्ग शोधला जातो. याचे भारतातले सर्वांत ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हेच आहे. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाण्याची दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत पूर्ण झाला. हिशेब केला तर जमिनीच्या तुलनेत सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरांच्या पुढे जातो. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊनही लवकर पोहोचता येते, हे त्या दिवशी सर्वसामान्य प्रवाशांनाही समजले, आणि माझ्या मते या संपूर्ण धाग्यातील प्रश्नाचे उत्तर त्या एका उड्डाणात आहे.

इंधनाविषयी थोडे सांगायला हवे. या मार्गावर वापरल्या गेलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. दूरच्या प्रवासात या इंधनाचा मोठा हिस्सा उरलेले इंधन वाहून नेण्यातच जळतो. त्यामुळे विरुद्ध वारा जोराचा असेल त्या दिवशी जास्त इंधन घ्यावे लागते, वजनाची मर्यादा येते, आणि काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा माल कमी भरावा लागतो. ही गोष्ट प्रवाशांना सांगितली जात नाही, पण लांबच्या थेट विमानांच्या अर्थकारणात ती नेहमी असते.

मृदगंध

दिशादर्शक यांचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे. एक शंका विचारते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपणहून जवळ येत असणार. मग पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा, तो उलट जास्त वेळ का घेतो?

अक्षांश

ही शंका वर्गात दरवर्षी येते आणि ती चांगली शंका आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. विमान धावपट्टीवर उभे असते तेव्हा त्याच वेगाने तेही फिरत असते, आणि भोवतालची हवाही फिरत असते. विमान उडाले म्हणून तो वेग नाहीसा होत नाही. वातावरण जर जमिनीबरोबर फिरत नसते, तर आपल्या अंगणात रात्रंदिवस ताशी दीड हजार किलोमीटरांचे वादळ राहिले असते. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेवर थेट परिणाम नाही.

अप्रत्यक्ष परिणाम मात्र आहे, आणि तो तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा उंचावरून ध्रुवाकडे सरकते. विषुववृत्तावर तिचा पूर्वेकडचा वेग सर्वाधिक असतो, आणि वरच्या अक्षांशांवर जमिनीचा वेग कमी होत जातो. त्यामुळे तिथे पोहोचलेली हवा जमिनीच्या पुढे धावू लागते. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह निर्माण होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. हाच प्रवाह हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर असतो आणि जूनच्या सुमारास मोसमी पाऊस स्थिरावताना तिबेटच्या उत्तरेला सरकतो. आपल्या मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्यांना ज्या वाऱ्याची दखल घ्यावी लागते, त्याचीच दखल सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाचा आराखडा करणाऱ्यालाही घ्यावी लागते.

ध्रुवपद

परतीच्या प्रवासाबद्दल लिहितो, कारण चर्चा आतापर्यंत जाण्याच्याच बाजूने झाली आहे.

सॅन फ्रान्सिस्कोहून भारताकडे येताना पॅसिफिकवरून सरळ पश्चिमेकडे निघाले तर जेट प्रवाह समोरून छातीवर येतो. त्याला बगल देण्याचा उपाय म्हणजे उत्तरेला, जिथे हे वारे तुलनेने मंद आहेत तिथे जाणे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू हे पहिले थेट विमान उत्तर ध्रुवावरून आले. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली चारही वैमानिक महिला होत्या, आणि प्रवासाला सुमारे १७ तास लागले. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांमधली सर्वांत लहान रेषा सुमारे १४,००० किलोमीटरांची आहे आणि ती जेमतेम ७१ उत्तर अक्षांशांपर्यंत जाते. तरीही विमान ध्रुवापर्यंत वर चढले, म्हणजे इथेही लहान रेषेपेक्षा सोयीचा मार्ग निवडला गेला.

ध्रुवीय प्रदेशातून उडण्याची परवानगी सहज मिळत नाही. अमेरिकेचे विमान नियामक ७८ उत्तर अक्षांशांच्या वरच्या भागाला ध्रुवीय क्षेत्र मानतात आणि तिथे जाणाऱ्या विमानांसाठी वेगळ्या अटी घालतात. विमानाचे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते, आणि तिथल्या हवेचे तापमान कधी उणे ६५ अंशांच्याही खाली जाते. टाकीतले इंधन फार थंड होऊ लागले तर वैमानिकाला खालच्या, तुलनेने उबदार हवेत उतरावे लागते किंवा वेग वाढवावा लागतो. विषुववृत्तावर स्थिर असलेले दळणवळण उपग्रह ध्रुवाजवळून दिसत नाहीत, म्हणून संपर्क लघुलहरी रेडिओवर अवलंबून राहतो, आणि सौरवादळाच्या काळात तोही बिघडतो. अशा दिवशी विमानांना खालच्या अक्षांशांवरून न्यावे लागते.

संकटात उतरण्याजोगे विमानतळ तिथे विरळ आहेत, ही गोष्ट जून २०२३ मध्ये सर्वांनी पाहिली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील दोषामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरले, आणि २१६ प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथेच राहावे लागले. विमान सुखरूप उतरले, म्हणजे आपत्कालीन विमानतळाची योजना यशस्वी झाली. पण त्या लहानशा शहरात दोनशे लोकांची सोय करणे किती कठीण आहे, हेही दिसून आले.

सीमांत

आतापर्यंत पर्वत आणि वारा यांवर चर्चा झाली. अलीकडच्या काही वर्षांत प्रवासाचा वेळ सर्वाधिक बदलला आहे तो राष्ट्रांच्या निर्णयांमुळे, म्हणून त्याची नोंद इथे करणे आवश्यक वाटते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले. वर अक्षांश यांनी सांगितलेल्या रेषेचा मोठा भाग सैबेरियावरून जातो, त्यामुळे अमेरिकी कंपन्यांसाठी ही रेषाच नाहीशी झाली. युनायटेड कंपनीची सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली थेट सेवा त्यानंतरच थांबली. भारतीय कंपन्यांना मात्र रशियावरून उडता येत होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाने मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, ती त्यामुळेच स्पर्धेविना चालू शकली.

पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्लीहून मध्य आशियाकडे जाण्याचा जवळचा रस्ता पाकिस्तानवरूनच आहे, त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागू लागला. अमेरिकेकडच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे थांबावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारे विमानही काही काळ कोलकात्याला थांबून येत होते. कोलकाता नकाशावर विचित्र वाटते, पण पॅसिफिक आणि पूर्व आशियावरून येणाऱ्या विमानाला ते वाटेवरच आहे.

मला यातून एवढेच सुचवायचे आहे, की दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या अनुभवावरून आजचा प्रवासवेळ ठरवू नये. वाटसरू यांनी तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या विमानाचा गेल्या पंधरा दिवसांतला प्रत्यक्ष मार्ग आणि प्रत्यक्ष वेळ पाहावा. विमान मध्ये कुठे उतरते का, हेही स्पष्ट विचारून घ्यावे, कारण वाटेत इंधनासाठी थांबणारे विमान प्रवाशाला एकाच क्रमांकाचे असल्याने थेट वाटते.

खाडीकाठची

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला राहते आणि आमच्याकडे भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांची ये-जा सतत चालू असते. धाग्यातला तिसरा प्रश्न, म्हणजे वाटेत कोणत्या शहरात थांबावे, यावर लिहिते.

सरळ अंतरांची बेरीज केली तर दुबईमार्गे सुमारे १५,००० किलोमीटर होतात. टोकियोमार्गेही जवळपास तितकेच. हाँगकाँगमार्गे सुमारे १५,४००, फ्रँकफर्टमार्गे सुमारे १५,७००, लंडनमार्गे सुमारे १५,८०० आणि सिंगापूरमार्गे सुमारे १७,५००. दिल्लीमार्गे काहीच वाढ नाही, हे वर आलेच आहे. पण केवळ या आकड्यांवर निवड करू नये. दुबईमार्गे पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि दुसरा जवळजवळ सोळा तासांचा असतो, म्हणजे थेट विमानाइतकेच सलग बसणे होते आणि त्याशिवाय एकदा विमान बदलणे. ज्यांना फार वेळ बसवत नाही अशा ज्येष्ठांसाठी लंडन किंवा फ्रँकफर्ट अधिक बरे, कारण तिथे प्रवासाचे दोन भाग साधारण नऊ आणि अकरा तासांचे होतात. टोकियोमार्गेही अशीच विभागणी होते आणि वारा पाठीशी असल्याने जाताना तो मार्ग चांगला पडतो. मात्र थांबण्याच्या देशातून जाण्यासाठी पारगमन व्हिसा लागतो का, हे आधी तपासून घ्यावे.

अमेरिकेत उतरल्यावरची रांग हाही प्रवासवेळेचाच भाग आहे. न्यूअर्क किंवा शिकागोसारख्या शहरात आधी उतरून पुढे देशांतर्गत विमान घेतले, तर पहिल्याच विमानतळावर प्रवेश-तपासणी होते आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. इंग्रजीची सवय नसलेल्या आणि सामान उचलता न येणाऱ्या माणसांना हा टप्पा सर्वांत जड जातो. थेट किंवा परदेशातल्या एका थांब्याने सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तर सामान शेवटी एकदाच घ्यायचे असते आणि घरची माणसे दाराबाहेर असतात. अबू धाबीमार्गे आल्यास आणखी एक सोय आहे: २०१४ पासून तिथल्या विमानतळावरच अमेरिकेची प्रवेश-तपासणी होते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर पुन्हा त्या रांगेत थांबावे लागत नाही. तिथे त्या तपासणीसाठी पुरेसा वेळ मात्र हाताशी ठेवावा.

साताऱ्याहून मुंबईपर्यंतचे सहा-सात तास आणि विमानतळावरचे तीन-चार तास धरले, तर घरापासून घरापर्यंतचा प्रवास थेट विमानानेही तीस तासांच्या जवळ जातो. माझे स्पष्ट मत असे आहे, की सत्तरीच्या पुढच्या माणसांनी आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा. विमानातले दोन तास वाचवण्यासाठी आपण पाच संकेतस्थळे धुंडाळतो आणि घाटातून रात्रभर मोटारीत बसून आलेल्या माणसाला तसेच विमानात चढवतो, हे मला पटत नाही.

वाटसरू (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठची, मुंबईतल्या मुक्कामाची सूचना मी नक्की पाळणार आहे. वेळापत्रकातील एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. जाताना दुपारी निघालेले विमान त्याच तारखेला संध्याकाळी पोहोचलेले दाखवतात आणि येताना मात्र दोन तारखा उलटतात. आई-वडिलांना औषधांच्या वेळा लिहून द्यायच्या आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

खाडीकाठची

भारतीय प्रमाणवेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, म्हणून हा फरक पडतो. समजा, जानेवारीत मुंबईहून शुक्रवारी दुपारी चार वाजता विमान निघाले आणि प्रवास १७ तासांचा आहे. मुंबईत तेव्हा शनिवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतील, पण सॅन फ्रान्सिस्कोत शुक्रवारचेच संध्याकाळचे साडेसात असतील. परत येताना शुक्रवारी रात्री नऊला निघून सोळा तास उड्डाण झाले, तर मुंबईत रविवारची पहाट, अडीच वाजलेले असतील. शनिवार बहुतांश आकाशातच जातो. विमान पॅसिफिकवरून गेले काय किंवा अटलांटिकवरून, पोहोचण्याची तारीख या हिशेबाने एकच येते, त्यामुळे मार्गाचा विचार यात करण्याचे कारण नाही.

औषधांसाठी माझा सल्ला असा, की प्रवासभर एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि दोन गोळ्यांमधले तास मोजावेत. नव्या वेळेवर कधी आणि कसे यायचे, हे मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, विशेषतः इन्सुलिन घेत असल्यास. औषधे हातातल्या पिशवीतच असावीत आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

दिशादर्शक

वेळापत्रकाबद्दल एक तांत्रिक खुलासा करतो. तिकिटावर जो कालावधी छापलेला असतो, तो चाके जमिनीवरून सुटल्यापासूनचा नसतो. विमान मुंबईच्या फलाटावरून हलल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फलाटाला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी रांगेत अर्धा तास सहज जातो. कंपन्या हा वेळ आणि ऋतूतल्या वाऱ्याचा अंदाज धरूनच वेळापत्रक आखतात. त्यामुळे जानेवारीत जाताना विमान पाऊण तास आधी पोहोचले, तर ते वैमानिकाने वेगाने हाकले असे नव्हे. त्या दिवशी वारा अंदाजापेक्षा अधिक मिळाला, एवढेच.

वाटसरू, तुमचे आई-वडील कोणत्या महिन्यात निघणार आहेत हे कळवलेत, तर त्या काळात वारा साधारण कसा असतो आणि पूर्वेकडच्या मार्गाने जाण्यात किती वेळ वाचेल, हे मी इथेच मांडून दाखवीन.